थारला रॉक स्लायडर बसवताना: नटबोल्ट, वेल्डिंग की क्लॅम्प?

शहाद्याच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. थोडक्यात सांगतो. त्यांच्याकडे २०२० नंतरच्या मॉडेलची हार्डटॉप थार आहे. ठिबकच्या कामासाठी धडगाव-मोलगी पट्ट्यात कायम जाणं होतं. गेल्या पावसाळ्यात नाला ओलांडताना डाव्या दाराखालचा पत्रा दगडावर बसला आणि आत गेला. आता दोन्ही बाजूंना रॉक स्लायडर, म्हणजे दाराखालचा पत्रा दगडापासून वाचवणाऱ्या जाड लोखंडी नळ्या, लावायचेत. गावातला वेल्डर म्हणतो, "सरळ चेसिसला वेल्डिंग मारून देतो, जन्मभर हलायचं नाही." बाजारात मिळणारं तयार किट नटबोल्टचं आहे. तिसरं एक स्वस्तातलं, यू-क्लॅम्पचं, एकही भोक न पाडता बसणारं. यातलं कोणतं घ्यावं? शिवाय मामांकडे एक जुनी जिप्सी आहे, तिलाही लावायचेत.

भाऊ, थारला नटबोल्ट, जिप्सीला वेल्डिंग आणि क्लॅम्प कुठल्याच गाडीला नाही. पण एवढं वाचून लगेच गॅरेजला जाऊ नका. वाईट बसवलेला नटबोल्टचा स्लायडर चांगल्या वेल्डिंगपेक्षा वाईट, हेही तितकंच खरं. जोड कसला हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की दगडाचा जोर कुठे उतरतो.

आपल्याकडचा दगड सगळा बेसाल्ट. नाल्यातले गोटे पाण्यानं गोल झालेले असतात, त्यावर टायर घसरतो आणि गाडी बाजूला सरकते. वर धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात काळ्या दगडाच्या उभ्या शिळांच्या रांगा जमिनीतून भिंतीसारख्या वर आलेल्या दिसतात. भूगर्भवाले त्यांना डाइक म्हणतात. अशी रांग वाटेला आडवी आली की पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अजून अलीकडेच असतात, आणि गाडीचं पोट मधोमध टेकतं. म्हणजे स्लायडरवर तीन दिशांनी मार येतो: खालून वर वजनाचा, बाजूनं आत धक्क्याचा, आणि पुढून मागे ओढ. फक्त वजन पेलणारी नळी लावून भागत नाही. कंपनीच्या किंवा शोरूमच्या फूटस्टेपला लोक स्लायडर समजतात, तो फक्त पाय ठेवायला असतो. दगडावर बसला की तोच वर येऊन दाराखालचा पत्रा दाबतो. फूटस्टेप असतानाही पत्रा आत गेलेल्या गाड्या आमच्याकडे येतात, त्याचं कारण हेच.

थार, जिप्सी, जिम्नी, गुरखा, बोलेरो या सगळ्या चेसिसवाल्या गाड्या. खाली शिडीसारखी चेसिस, वर रबराच्या बुशांवर बसवलेली बॉडी. खड्ड्यात चेसिस पिळते, बॉडी तिच्यावर थोडी हलते, आणि ती हलावी म्हणूनच ते रबर आहे. त्यामुळे नियम एकच: स्लायडरचे सगळे पाय चेसिसलाच. काही किटमध्ये दोन पाय चेसिसला आणि एक आधार दाराखालच्या पत्र्याच्या शिवणीला दिलेला असतो. दिसायला भक्कम वाटतं, पण तसं केलं की चेसिस आणि बॉडी एकमेकांना बांधली जातात. मग दार लावताना धाप्पकन लावावं लागतं, काचेजवळून कुरकुर येते, आणि शेवटी शिवणीचे स्पॉट वेल्ड सुटतात. असं किट दिसलं तर पुढचं काही न विचारता परत ठेवा.

आता जोराचा हिशोब. तुमची गाडी माणसं-सामानासकट दोन टनांच्या आत धरू. अर्धं वजन, म्हणजे ९०० किलो, एका बाजूच्या नळीवर आलं असं समजा. चेसिसच्या कडेपासून नळी २५ सेंटिमीटर बाहेर आहे. पायाच्या प्लेटवर वरची आणि खालची बोल्टची ओळ ७ सेंटिमीटर अंतरावर आहे. नळी वर ढकलली गेली की प्लेट खालच्या कडेनं चेसिसपासून सुटू पाहते आणि वरच्या कडेवर टेकते. खालच्या ओळीवर ओढ येते ती ९०० गुणिले २५ भागिले ७, म्हणजे सव्वातीन टनांच्या आसपास. तीन पायांनी वाटून घेतली तर प्रत्येकी टनभर. पण दगड असा वाटून बसत नाही, तो नेमका एका पायाखाली येतो. म्हणून एका पायावर सगळी ओढ आली असंच धरायचं. ८.८ ग्रेडचा १२ मिलिमीटरचा एक बोल्ट कायमचा ताणला जाण्याआधी साधारण पाच टन ओढ सोसतो. खालच्या ओळीत असे दोन असले तर गाडी थोडी उंचावरून आपटली तरी बोल्ट तुटणार नाही.

मग तुटतं काय? चेसिसचा पत्रा. हलक्या गाड्यांच्या चेसिसचा पत्रा तीनेक मिलिमीटरचा असतो. बोल्टच्या डोक्याखाली छोटा वायसर असेल तर पत्रा तेवढ्या गोलात वर उचलला जातो, भोक लंबगोल होतं आणि कडेला चीर धरते. म्हणून बोल्ट जाड घेण्यात पैसे घालण्यापेक्षा प्लेट मोठी घ्या. चेसिसच्या बाहेरून ६ मिलिमीटरची प्लेट, आतल्या बाजूनं तशीच दुसरी, मध्ये चेसिस, आणि चार बोल्ट आरपार. प्लेट किमान १२ सेंटिमीटर लांब हवी, १५ असेल तर उत्तम, आणि तिचे कोपरे गोल केलेले हवेत. टोकदार कोपरा चेसिसवर रेघ पाडतो आणि चिरेची सुरुवात तिथूनच होते.

यात एक गोष्ट नव्वद टक्के गॅरेजवाले विसरतात. चेसिस ही चौकोनी पोकळ पेटी आहे. तिच्यातून बोल्ट आरपार घालून आवळला की पेटीच्या दोन्ही भिंती आत दबतात. त्या दबत राहतात तोवर पाना फिरतच राहतो आणि आवळल्यासारखं वाटतं. दहा-बारा दिवसांनी नट सैल. त्यासाठी पेटीच्या आत बोल्टभोवती स्लीव्ह लागते, म्हणजे पेटीच्या आतल्या रुंदीएवढ्या मापाचा जाड नळीचा तुकडा. कोणताही लेथवाला अर्ध्या तासात काढून देतो. जाडी अशी हवी की बोल्टचा सगळा दाब स्लीव्हवर जावा, भिंतींवर नको. तयार किट घेणार असाल तर डबा उघडून आधी या स्लीव्ह शोधा. नसतील तर त्या किटनं कंपनीच्या कुठल्या भोकांत, कसा जोर घेतलाय ते विचारा. उत्तर "घट्ट बसतं भाऊ" एवढंच आलं तर दुसरं दुकान बघा.

भोकांबद्दल. गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा आणि कंपनीनं चेसिसला ठेवलेली भोकं बघा. चांगलं किट शक्यतो त्यांचाच उपयोग करतं, आणि तसं असेल तर अर्धी चिंता मिटली. नवं भोक पाडायचंच असेल तर ते चेसिसच्या उभ्या भिंतीत, उंचीच्या मधल्या भागात. वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यात कधीच नाही. चेसिस वाकताना सगळा ताण आणि दाब त्या आडव्या पट्ट्यांवर असतो, मधली भिंत त्या मानानं निवांत. भोक ड्रिलनं पाडायचं, गॅस कटरनं नाही. कडेची बुरं कानशीनं काढायची, झिंक प्रायमर लावायचा, तो वाळू द्यायचा आणि मगच बोल्ट. दोन भोकं एकमेकांच्या फार जवळ नकोत. आणि ड्रिल आत जाईल तिथे मागं काय आहे ते हात घालून बघायचं. डिझेलच्या पाइपा, ब्रेकची पाइप आणि वायरिंग बऱ्याचदा चेसिसच्या आतल्या कडेनंच जाते.

बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात "एचटीचा द्या" (एचटी म्हणजे हाय टेन्साइल, जास्त ताकदीचा) म्हणून मिळतो, पण डोक्यावरचे आकडे स्वतः वाचा. ८.८ किंवा १०.९ कोरलेलं हवं. डोकं कोरं असेल तर तो गेटला लावायचा बोल्ट. नट नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, तोही त्याच ग्रेडचा, आणि एकदा काढला की पुन्हा तोच वापरायचा नाही. १२ मिलिमीटरच्या ८.८ बोल्टला ८० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (आवळण्याचा जोर) पुरतो, १० मिलिमीटरच्याला ४५ ते ५०. टॉर्क पाना गावात मिळत नसेल तर ट्रॅक्टरच्या इंजिनाचं काम करणाऱ्याकडे नक्की असतो. पाइपचा तुकडा पान्याला लावून लटकणाऱ्या पोराला हे काम देऊ नका. आवळून झाल्यावर नट आणि प्लेट यांच्यावर मिळून पेंटनं एक रेघ ओढा. पुढे कधीही गाडीखाली वाकून एका नजरेत कळेल की नट हलला की नाही.

यू-क्लॅम्पवर फार बोलत नाही. तो फक्त घर्षणावर टिकतो, चेसिसवर मातीचा थर, तेल, रंग असतोच. पुढून मागे ओढ आली की तो सरकतो. जास्त आवळला तर पेटीचे कोपरे दबतात. डिझेलची पाइप क्लॅम्पखाली आलेलीही पाहिली आहे.

आता तुमच्या वेल्डरचं. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. नीट मारलेला वेल्ड बोल्टपेक्षा कडक, त्याला सैल व्हायला काही नाही, आणि दगडांतच खेळणाऱ्या गाड्यांना लोक वेल्डिंगच करतात. पण "हलायचं नाही" हीच इथे अडचण आहे. वेल्डच्या शेजारची पट्टी तापून निवते, तिथला पोलाद मूळच्यासारखा राहत नाही, आणि नेमका तिथेच कडक प्लेट संपून लवचीक चेसिस सुरू होते. चेसिस लाखो वेळा पिळते, ती सगळी पिळवट त्या एका रेषेवर येते. एका जीपच्या चेसिसवर पाहिलेली अशी चीर सांगतो. सुरुवातीला चीर म्हणून दिसतच नाही. वेल्डच्या पायाशी, मातीच्या थरातून, केसाएवढी तांबूस रेघ दिसते. ती गंजाची असते, आतून झिरपणाऱ्या पाण्याची. खात्री करायची असेल तर जागा घासून साफ करा, रॉकेल किंवा डिझेल लावा, पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुसून वर खडू घासा. चीर असेल तर पांढऱ्या खडूवर ओली रेघ हळूहळू उमटते. त्या जीपला वरपासून खालपर्यंत उभा वेल्ड मारला होता. रेघ बरोबर त्याच्या कडेनं उभी उतरली होती आणि खालच्या आडव्या पट्ट्यात शिरली होती. तिथवर गेली की चेसिसच उघडायची वेळ येते.

नव्या थारला वेल्डिंग नको म्हणण्याची दुसरी कारणं साधी आहेत. वॉरंटी चालू असेल तर चेसिसला लावलेली वेल्डिंगची कांडी हे कंपनीला नकाराचं आयतं कारण. गाडीत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), एबीएस ब्रेकचा आणि एअरबॅगचा कंट्रोलर आहे, वेल्डिंगचा करंट भलत्या वाटेनं गेला तर नुकसान महागात. पेटीच्या आतला रंग जळतो, तिथे आपला हात पोचत नाही, आणि गंज आतून लागतो. आणि उद्या स्लायडर वाकला तर बोल्टचा अर्ध्या तासात उतरतो, वेल्डिंगचा ग्राइंडरनं कापावा लागतो, दर वेळी चेसिस थोडी पातळ होते. धडगावच्या वाटेवर वाकणार नाही असा स्लायडर मी अजून पाहिला नाही. वाकावाच तो, त्याच्यासाठीच लावलाय.

मामांच्या जिप्सीचं वेगळं. तिला वॉरंटी नाही, एअरबॅग नाही, आणि चेसिसवर इतक्या वर्षांत कुणी ना कुणी कांडी लावलेलीच असते. पण आधी चेसिस तपासा. हातोडीनं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर लोखंड आहे, भदभद आला तर आत गंज आहे. तिथे स्लायडर नाही, आधी चेसिसचं काम. चेसिस चांगली असेल तर पाय थेट पत्र्याला चिकटवायचा नाही. आधी पाच-सहा मिलिमीटरची प्लेट उभ्या भिंतीवर बसवायची, टोकं माशाच्या शेपटीसारखी तिरकी किंवा गोल कापलेली, वरच्या-खालच्या कडेपासून थोडं अंतर सोडून. वेल्ड लांबीच्या दिशेनं, तुकड्यातुकड्यानं, एकदा पुढे एकदा मागे, म्हणजे एका जागी उष्णता साठत नाही. चेसिसला आडवा छेदणारा उभा वेल्ड नाहीच. पाय त्या प्लेटला जोडायचा. पातळ पत्र्यावर सीओटू वेल्डिंग (कांडीऐवजी तार आणि गॅसचं) चांगलं चालतं. कांडीनंच करणार असाल तर ७०१८ नंबरची घ्या, पण कोरडी. आपल्याकडे पावसाळ्यात कांड्यांचा फोडलेला पुडा खिडकीत पडून ओलसर झालेला असतो. त्या कांडीनं मारलेला वेल्ड वरून छान दिसतो आणि पुढे चिरतो. ७०१८ भट्टीत तापवून कोरडी करूनच वापरायची असते. वेल्डरकडे ती सोय नसेल तर सीओटूवाल्याकडे जा.

वेल्डिंग कुठल्याही गाडीवर करा, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, थोडा वेळ थांबा, अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या जवळच्या उघड्या लोखंडाला लावा, दूर बंपरला नको. जिप्सी पेट्रोलवर चालते. टाकी आणि पाइपा कुठून जातात ते बघून, ओलं गोणपाट आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवूनच पहिली ठिणगी.

स्लायडरच्या घडणीबद्दल थोडं, कारण जोड कितीही चांगला असला तरी नळी पातळ असेल तर व्यर्थ. बाहेरची नळी ४८.३ मिलिमीटर व्यासाची, ४ मिलिमीटर जाडीची घ्या. आयएस १२३९ ची सी क्लास ४० एनबी पाइप म्हणून दुकानात मिळते, तिच्यावर लाल पट्टा असतो. निळा बी क्लासचा, पिवळा ए क्लासचा. पिवळा पट्टा दाखवून "हीच चालते" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. सी क्लासची नळी मीटरला साडेचार किलोच्या आत भरते, म्हणजे दोन्ही बाजूंचं सगळं मिळून ३५ ते ४५ किलो होतं. त्याहून फार हलकं किट असेल तर कुठे कपात केली ते विचारा. प्रत्येक बाजूला तीन पाय, शक्य तिथे चेसिसच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या दांड्यांजवळ (शिडीच्या पायऱ्यांजवळ), कारण तिथे चेसिस पिळायला कमी तयार असते. पाय चेसिसपासून बाहेर जाताना थोडे वर उचललेले, दहा-पंधरा अंशांनी, म्हणजे दगडावरून घसरताना नळी अडकत नाही. नळी आणि दाराखालचा पत्रा यांत २० मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा हवी. बॉडी हलते हे वर सांगितलंच. दार पूर्ण उघडून, कडा नळीला लागत नाही ना, हे पाय टॅक करतानाच, म्हणजे वेल्डचे कच्चे टिपके मारतानाच, बघा. पुढचं टोक टायरच्या पूर्ण वळणात आड येत नाही ना, तेही तेव्हाच.

बसवून झालं की तपासणी. हायलिफ्ट जॅक नळीच्या मध्यावर लावा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना दगड टेकवा, आणि गाडी हळूहळू उचला. कुणीही गाडीखाली नाही, हायलिफ्ट जॅक घसरतो आणि त्याचा दांडा जबडा फोडतो. दोन चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत उचला आणि नळी-पत्र्यातलं अंतर मोजा. दोन-चार मिलिमीटर कमी झालं आणि उतरवल्यावर परत तेवढंच झालं, तर ठीक. परत आलं नाही तर काहीतरी कायमचं वाकलं, किंवा प्लेट चेसिसवर नीट टेकलेली नव्हती. मध्ये माती किंवा रंगाचा जाड थर राहिला असेल तरी असंच होतं. सोडून, घासून, पुन्हा बसवा. नंतर शंभर-दोनशे किलोमीटर चालवा आणि सगळे नट पुन्हा टॉर्कवर आणा, पहिल्यांदा थोडे बसतातच. पावसाळा संपला की प्लेटच्या मागे अडकलेली काळी माती प्रेशरच्या पाण्यानं काढा. ती ओल धरून ठेवते आणि बोल्टाभोवती गंज तिथूनच सुरू होतो.

कायद्याचं एक. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आरसीतल्या नोंदीपेक्षा वेगळा बदल गाडीत करू देत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयानं बंपरपुढे लावतात त्या क्रॅश गार्ड आणि बुल बारविरुद्ध कारवाई करायला राज्यांना पत्रच पाठवलं होतं. स्लायडर दारांच्या खाली, गाडीच्या रुंदीच्या आत राहील असाच घडवा, टोकदार काही बाहेर नको. आरटीओत पासिंगला जाताना किंवा विम्याचा दावा करताना वाद झाला तर उतरवता येतो, हाही बोल्टचा एक फायदाच. विमा कंपनीला लेखी कळवून ठेवलं तर आणखी चांगलं.

आणि यावल अभयारण्य किंवा कुठल्याही राखीव जंगलात स्लायडर आहेत म्हणून वाट सोडून गाडी घालू नका. तिथे दगडापेक्षा वनखात्याची पावती महाग पडते.

वेल्डरकडे जाताना पायांचं माप, प्लेटचा आकार आणि स्लीव्हची लांबी कागदावर लिहून न्या, गाडीखाली झोपून घेतलेले फोटो सोबत ठेवा. थारचे पाय त्याच्याकडूनच बनवून घ्या. स्लायडरच्या नळीला पाय जोडायचं वेल्डिंग तर लागणारच, आणि ते टेबलावर, उजेडात, चारी बाजूंनी हात पोचेल असं होतं. चेसिसला मात्र पाना.